आठवडा क्रमांक दहाची चूक दुरुस्ती

१२ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर दुसऱ्यांचं लिहिते. लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक, कारणे दस्त लिहून देतो ऐसा जे. शहाद्याच्या तहसील कचेरीसमोर निंबाखाली टेबल टाकून सव्वीस वर्षं झाली, तालुक्यातल्या निम्म्या बांधांची भांडणं माझ्या अक्षरात आहेत. स्वतःसाठी कधी ओळ लिहिली नाही. पतपेढीनं दिलेली ही डायरी ड्रॉवरमध्ये कोरी पडली होती. आज लिहिते, कारण आज मी एक उद्योग करून बसले आहे आणि घरी सांगायची अजून हिंमत नाही.

अनीसभाई, नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी, गोदामाचा भाडेकरार करायला आले होते. हा माणूस समोर बसला की मला शिंका सुरू होतात. उठता उठता म्हणाले, "शीलाताई, एक कागद और है. बेचने का है. कोई गिऱ्हाईक हो तो बताना."

तोरणमाळला मोहवन नावाचं रिसॉर्ट आहे. तिथं दरवर्षी एक आठवडा राहायचा हक्क, अजून अकरा वर्षांचा शिल्लक. टाइमशेअर म्हणतात त्याला. पाकिटावर त्यांच्या बायकोनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: हफ्ता १०, होली. यंदा मार्चमध्ये त्यांनी होळी तिथंच पाहिली. आता बायकोच्या गुडघ्यांना घाट झेपत नाही म्हणून विकायचं.

होळीचा आठवडा! माझं डोकं तिथंच अडकलं. माझी मुलगी कामिनी धडगावच्या सरकारी दवाखान्यात औषधं देते. दोन-अडीच तासांची वाट. पण चार वर्षांत ती आमच्या उंबऱ्यात आलेली नाही. तिनं दलसिंगशी लग्न केलं, तिकडचाच पावरा आदिवासी, हायस्कूलला गणित शिकवतो. आमच्या तापीकाठच्या लोकांत तेव्हा काय काय बोललं गेलं ते इथं लिहीत नाही. सगळ्यात जास्त माझी सासू बोलली. म्हणून पोरगी येत नाही.

बरं, त्या घरात नको. तुमच्या नको, आमच्या नको. तोरणमाळ कुणाच्याच घरचं नाही. एक आठवडा माझ्या नावावर असला, सण असला, तर तिला नाही म्हणायला जागा राहणार नाही. विसार देऊन मोकळी झाले.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

फाइल चार वेळा वाचली. अख्ख्या फाइलीत एक गट नंबर सापडेल तर शपथ! रिसॉर्टला फोन लावला. भाग्येश म्हणून मॅनेजर आहेत, आवाज गुळाच्या पाकासारखा.

"सातबारा पाठवा," मी म्हटलं.

"कशाचा, मॅडम?"

"आठवड्याचा."

मग म्हणाले, "मॅडम, याला सातबारा नसतो. तुम्हाला जमीन मिळत नाही, खोलीसुद्धा मिळत नाही. वर्षातले सात दिवस राहायचा हक्क मिळतो."

"आणि ताबा?"

"सोमवारी दुपारी बारा ते रविवारी सकाळी अकरा."

"त्यानंतर?"

"त्यानंतर दुसऱ्याचा, मॅडम."

असला ताबा मी जन्मात लिहिला नाही. जमीन नाही ते एक परवडलं म्हणा, तिथली आदिवासी जमीन आपल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेताच येत नाही हे मी रोज दहा जणांना ओरडून सांगते. पण हक्क म्हणजे काय, तो हातात कसा धरायचा? मग एकेक विचारत गेले. मूळ हक्क कुणाच्या नावे? नवराबायको दोघांच्या. मग दोघांच्याही सह्या लागतील. रिसॉर्टची ना हरकत लागेल, थकबाकी नसल्याचा दाखला लागेल. देखभालीचा आकार दरवर्षी भरायचा, तुम्ही या नाहीतर नका येऊ. आणि आला नाहीत तर तो आठवडा बुडाला, पुढच्या वर्षाला जोडून मिळत नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "आठवडा ठरलेलाच ठेवायचा की फिरता करून हवा? फिरता असला की तारखा दरवर्षी बदलून घेता येतात."

मी म्हटलं, "ठरलेलाच पाहिजे. होळी काय फिरायला जाते का?"

ते हसले. का हसले कोण जाणे. त्यांची फोनवर सगळ्यांशी हसायची सवय असेल.

दुपारी सवयीनं चतुःसीमा लिहायला घेतली. पूर्वेस आठवडा क्रमांक नऊ, पश्चिमेस आठवडा क्रमांक अकरा, दक्षिणेस... दक्षिणेस काय लिहावं कळेना. कागद फाडून टाकला. शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक विचारतो, ताई, आज जागेवर बसत का नाही तुम्ही.

२१ ऑक्टोबर, बुधवार

दसरा झाला. घरी सांगून टाकलं.

हे म्हणाले, "आठवडा इकत लिधा? शीला, तू बाजारमा गई व्हती का दवाखानामा?" हे म्हणजे नवनीत. दस्तात रोज शंभर नवऱ्यांची नावं लिहिते, आपल्याच नवऱ्याचं लिहायला काय लाजायचं. पंपाच्या मोटारी भरायचं दुकान आहे यांचं. जळालेली मोटार हातात घेतल्याशिवाय यांना कुठली गोष्ट पटत नाही.

सासूबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. कौसाबाई नाव, ब्याऐंशी वर्षं, कान अर्धे, जीभ पूर्ण. "आठवडा ठेवशी कोठे वं? फडताळमा?"

हसा. हसून घ्या. मी म्हटलं, कामिनीला बोलावणार आहे होळीला. सासूबाईंनी लसणाची एक पाकळी तीनदा सोलली. स्वतःच्या बोलण्याची आता लाज वाटत असेल.

या घरात कामिनी फक्त वडिलांशी बोलते, फोनवर. तिला निरोप यांच्याकरवीच द्यायचा. मी मजकूर सांगितला, यांनी टाइप केला: "आईने तोरणमाळला होळीचा आठवडा घेतला आहे. तुम्ही दोघं या." मी "तू ये" सांगितलं होतं. यांनी "तुम्ही दोघं या" केलं. मी खोडायला सांगितलं नाही.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

नंदुरबारला जाऊन आले. अनीसभाईंच्या बायकोची, गुलशनबींची सही घ्यायची होती. मिरचीचा हंगाम सुरू व्हायचाय, तरी त्या गल्लीत पाऊल टाकलं आणि डोळ्यांतून पाणी.

हस्तांतरण पत्र मीच लिहून नेलं होतं, झकास. फुल्या मारून दिल्या: इथं, इथं आणि इथं. गुलशनबींनी चष्मा लावला नाही. पेनही उचललं नाही.

"पढके सुनाओ, बहन. मैं सुने बगैर सही नहीं करती."

सव्वीस वर्षांत मला कुणी दस्त वाचून दाखवायला लावला नाही. माणसं येतात, फुली बघतात, सही ठोकतात, फार तर विचारतात, कुठं काही अडचण नाही ना? मी म्हणते नाही. मला राग आला. पण वाचलं. आणि वाचता वाचता तिसऱ्या पानावर माझीच चूक सापडली. शिल्लक वर्षं अकराच्या जागी एकवीस पडली होती! अनीसभाई हसायला लागले. गुलशनबी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "देखो, इसलिए."

मग सही केली, सावकाश, उर्दूत. विचारलं, किसके साथ जाओगी? मी म्हटलं, बेटीके साथ. "अच्छा है," म्हणाल्या, "बेटी के साथ जाना अच्छा है. मेरी तो दुबई में है." शेवया बांधून दिल्या. परतताना बसमध्ये मला उगाच रडू येत होतं, मिरचीमुळे असेल.

२ नोव्हेंबर, सोमवार

उत्तर नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्यात, म्हणजे वाचला. बारा दिवस झाले. यांना दिवसातून चार वेळा विचारते. आज म्हणाले, आता फोनच तुझ्याकडे ठेव बाई.

११ नोव्हेंबर, बुधवार

भाऊबीज. माझा मुलगा हेमकांत पुण्याहून आला होता, दोन दिवस राहून गेला. बहिणीनं फोनवर ओवाळलं म्हणे.

आणि कामिनीचं उत्तर आलं. एवढंच: "होळीला जमणार नाही बाबा. होळीला आम्ही घरी असतो."

घरी! मी ते वाचलं आणि अंगाची आग झाली. घरी म्हणजे त्याच्या गावी, डोंगरात. चोवीस वर्षं वाढवलं त्या घराला ती आता काय म्हणते मग? मी सासूबाईंना बोलले. तुमच्या जिभेनं माझी पोर गेली म्हटलं. सणाच्या दिवशी. त्यांचे कान अर्धेच आहेत, पण हे ताटावरून उठले.

"मायले कसाले दोष देस? माय बोलनी आन बोलीसन इसरी गई. तू लिखी टाकं."

म्हणजे ते हक्कसोडपत्र. आता इतक्या वर्षांनी ते उकरून काढायचं! लिहून ठेवते, म्हणजे माझी बाजूही कुठं तरी राहील. लग्नानंतर महिन्याभरात मी कामिनीचं हक्कसोडपत्र तयार केलं, यांच्या वडिलोपार्जित जमिनीतला तिचा हिस्सा हेमकांतच्या नावे. यात वाईट काय? सगळ्या मुली देतात. वर्षाला साठ तरी मी लिहिते. पुढं भानगड नको, लोकांनी म्हणायला नको की जमीन डोंगरात गेली. मी काही बोलले नाही तिला, शिवी दिली नाही, फक्त तारीख कळवली. ती साडेअकराला आली, दुय्यम निबंधकासमोर सही केली, अंगठा दिला, बाराच्या धडगाव गाडीत बसली. घर तिथून दीड किलोमीटरवर.

कायदेशीर काम कायदेशीर झालं. त्यात मी काय लिहून टाकलं?

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आठवडा परत करता येतो का, भाग्येशना विचारलं. रिसॉर्टची ना हरकत निघाल्यावर येत नाही, म्हणाले. कधी निघते? निघालीच मॅडम, काल पोस्टात टाकली, अभिनंदन. बोंबला.

कामात लक्ष नाही. आज एका बक्षीसपत्रात देणारा आणि घेणारा उलटे लिहिले. म्हाताऱ्याच्या मुलानं म्हाताऱ्याला जमीन दिली! म्हातारा खूश झाला, मुलगा भडकला. फुकटात परत लिहून दिलं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मोठा घोटाळा निघाला.

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आलं. मी ते खिळ्याला लावत होते, तर सासूबाईंनी विचारलं, "पुढला वरीसनी होळी कव्हय शे वं?"

मी न बघता म्हटलं, आठ ते चौदा मार्च, दहावा आठवडा.

त्यांनी बोटं मोजली. अंगठ्यानं पेरं धरून, दोनदा. "नही वं माय. यंदा धोंडाना महिना व्हता. होळी पुढे सरकी जास."

मी पान उलटलं. होळी एकवीस मार्चला. एकवीस! आठवडा क्रमांक दहा चौदालाच संपतो. यंदा होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली म्हणून गुलशनबींनी पाकिटावर होली लिहिलं. ती त्या एका वर्षापुरती खूण. आठवडा इंग्रजी तारखेनं चालतो, होळी तिथीनं. हे मी पाहिलं नाही! ज्या बाईला लोक "ताई, मुहूर्त आणि तारीख दोन्ही टाका" सांगतात, तिनं. भाग्येशना फोन केला, ते म्हणाले, "मॅडम, मी विचारलं होतं तुम्हाला, फिरता करायचा का." वर हसले. आता कळलं का हसतात.

सासूबाई अजून पेरांवरच होत्या. "आन त्या महिनामा आपुन जवाईले बलावं नही. वाण बाकी ऱ्हायनं."

मे-जूनमध्ये अधिक महिना होता, धोंड्याचा. आमच्या गल्लीत घरोघरी जावई येऊन जेवून गेले, पुरणाचे धोंडे, अनारसे, चांदीच्या समया. मी तो महिनाभर संध्याकाळी साडेसातपर्यंत टेबलावर बसायचे. कामच तेवढं होतं. कॅलेंडरकडे बघायलासुद्धा वेळ नव्हता, म्हणूनच लक्षात राहिलं नाही.

दुपारी मी स्वतःच्या फोनवरून कामिनीला लिहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा. खोटी ठरण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. लिहिलं: "कामिनी, चूक माझी झाली. जे बघायला हवं होतं ते मी बघितलं नाही." पाठवलं आणि पुढचं लिहिणार तेवढ्यात पार्टी आली, सहा हिस्सेदार, वाटणीपत्र. त्यांना उठवेपर्यंत तास गेला. मग दुसरा मेसेज पाठवला: "तो आठवडा होळीचा नाही. आठ ते चौदा मार्च आहे."

२५ नोव्हेंबर, बुधवार

काल पहिला मेसेज गेल्यावर पाच मिनिटांत कामिनीनं यांना फोन केला होता. दुकानात. रडत होती म्हणे, बोलता येईना तिला. हे घाबरून शटर ओढून बसले. म्हणाली, "बाबा, आईनं लिहिलंय."

तारखेच्या चुकीला एवढं रडायचं काय? लहानपणापासून अशीच हळवी. मी यांना म्हटलंसुद्धा. हे चपला घालून दुकानात निघून गेले.

मला आज तिचं उत्तर आलं, माझ्या फोनवर: "होळीच्या आधी असेल तर येतो आई. शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारची रजा दोघं टाकतो. होळीत असतं तर नसतं जमलं, यांची आई वर्षभर वाट बघते होळीची."

येतो! माझी चूक झाली म्हणून ती येणार! होळीचाच आठवडा असता तर ती आली नसती. या हिशोबाला काय म्हणावं? मी टेबलाभोवतीच्या सगळ्यांना चहा पाजला. ज्यांचे दस्त आज नव्हते त्यांनाही.

८ जानेवारी, शुक्रवार

रिसॉर्टचं पत्र आलं, हक्कधारक म्हणून माझं नाव. शिक्का, सही, हॉलोग्राम. माझ्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही झालं. घर यांचं, जमीन यांची, टेबल कचेरीच्या आवारातलं. चार वेळा वाचलं. चूक नाही.

पत्रासोबत एक अर्ज आहे: सहधारक नेमायचा असल्यास. सहधारकाला पूर्ण हक्क, माझ्यामागं पूर्ण त्याचा. मी कामिनीचं नाव चांगल्या पेनानं, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय. तिची सही तेवढी बाकी. दिलेला हिस्सा परत देता येत नाही, तो हेमकांतच्या नावे चढलाय. पण हे तरी देता येईल.

८ मार्च, सोमवार

आलो तोरणमाळला. घाटात सासूबाईंनी डोळे मिटून देव मोजले, हे ड्रायव्हिंग करताना मोटारीचा आवाज ऐकत होते. मोह फुललाय, सगळीकडे गोडसर वास. खोलीत दोन पलंग, एक खुर्ची, खिडकीतून तलाव. मी लगेच फिटिंग तपासली. गीझर चालत नव्हता, भाग्येशनी अर्ध्या तासात करून दिला. प्रत्यक्षात बराच साधा माणूस आहे, उगाच हसत नाही.

सासूबाईंनी एक स्टीलचा डबा आणलाय. उघडू देत नाहीत.

११ मार्च, गुरुवार

चार दिवस काही करायचं नाही म्हणजे काय शिक्षा! तलावाला सकाळी एक, संध्याकाळी एक अशी चक्कर. हे मजेत झोपतात. मी अर्जाची पिशवी बरोबर घेऊन फिरते, खोलीत ठेवली तर हरवेल असं वाटतं. उद्या संध्याकाळी ती यायची. घाट बंद पडला तर? त्याच्या शाळेत काही निघालं तर? मी तिला पहिलं वाक्य काय म्हणू? "ये" म्हणावं की "आलीस?" म्हणावं, यावर दुपार गेली.

१३ मार्च, शनिवार

जेवून दोघं आत्ताच गेले, मोटारसायकलवर. सगळं लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

काल संध्याकाळी आली. वाळली आहे. मी पायरीवर उभी होते आणि एवढं ठरवूनही तोंडातून निघालं, "हेल्मेट नाही घातलंस?" ती हसली आणि माझ्याजवळून पुढं जाऊन आजीच्या गळ्यात पडली. सगळं बोलली ती आजी, आणि मिठी तिला! मला लागलं. लिहिते, लागलं.

दलसिंग पाया पडला सगळ्यांच्या. बोलतो मात्र पुस्तकासारखं शुद्ध, "आपण कसे आहात?" वगैरे. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही, त्यामुळे आम्हीच परीक्षेला बसल्यासारखे. सासूबाईंनी डबा उघडला. तेहतीस अनारसे, मोजून. महिना उलटून नऊ महिने झाले तरी त्यांचं वाण चुकलं नव्हतं. पाटावर बसवून त्याला कुंकू लावलं.

"आजी, तेहतीस मी एकटा कसे खाणार?"

"चार वरीसनं शे ते. एक दिनमा खा आसं कोन म्हनं?"

तो अनारसा खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. मला त्याच्याकडे सरळ बघवेना. मीच पाहुणी असल्यासारखी दाराशी उभी.

आज सकाळी कामिनीबरोबर तलावावर गेले, दोघीच. ती फोन काढून म्हणाली, "आई, हा मेसेज मी ठेवलाय." नोव्हेंबरातला. चूक माझी झाली, जे बघायला हवं होतं ते मी बघितलं नाही. "एवढं कधी म्हणशील असं वाटलं नव्हतं मला."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिला वाटलं... आणि मी तारखेबद्दल लिहिलं होतं! दस्तात असं झालं असतं तर मी त्याच दिवशी चूक दुरुस्ती पत्र करून नोंदवलं असतं. आज केलं नाही. तिनं वाचलं तेच खरं असू दे. खरं म्हणजे तेच खरं आहे, लिहिताना मला माहीत नव्हतं एवढंच.

त्या भरात मी पिशवीतून अर्ज काढला. "हे बघ, सहधारक. माझ्यानंतर तुझं. इथं सही कर."

तिचा चेहरा बदलला. कागद हातात घेतलाच नाही.

"आई, तू परत मला कागद देतेस?"

"अगं, हा हक्क देण्याचा आहे. सोडायचा नाही."

"त्या दिवशी मी सही केली ना, तेव्हा तू वर पाहिलंसुद्धा नाहीस. साक्षीदारांची नावं लिहीत होतीस. मी पायरीवर थांबले होते दहा मिनिटं. मला वाटलं, म्हणशील, आलीच आहेस तर घरी चल, जेवून जा."

पायरीवर थांबली होती. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बोलावलं असतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नसतं बोलावलं. मला राग होता, आणि कचेरीतल्या लोकांची लाज होती, आणि पोरीपेक्षा ती लाज मोठी होती. सासूबाईंचं नाव मी चार वर्षं पुढं केलं. मी ते तिला सांगितलं. नीट नाही जमलं, तुकड्यातुकड्यानं, पण सांगितलं.

ती रडली नाही. कागदाची घडी करून तिनंच माझ्या पिशवीत ठेवला.

"मी सही करणार नाही आई. तेव्हा मागितलीस, दिली. आता नाही. मी अशीच येईन."

"नाव नसलं तर गेटवरचा माणूस आत सोडणार नाही तुला," मी म्हटलं.

"मग तू ये ना बाहेर," ती म्हणाली. "मला घ्यायला."

चार वर्षांत मी एकदाही धडगावची गाडी पकडली नाही. दोन-अडीच तासांची वाट. तिचं घर कौलारू आहे का पत्र्याचं, तेही मला माहीत नाही.

ते दोघं गेले. अर्जातला सहीचा रकाना कोराच आहे, आणि मी तो तसाच भाग्येशना परत दिला. उद्या अकराला ताबा सोडायचा. यांना म्हटलं, उद्या गाडी शहाद्याकडे नको, धडगावकडे घ्या.

"कसाले?"

घरात मी सहसा अशी बोलत नाही, कचेरीची मराठी तोंडात बसलीय. पण आलं ते आलं.

"मन्ही पोरनं घर देखनं शे माले."

हे गाडीची हवा बघायला खाली गेले.